माझ्या पोटातलं एक्केचाळीस नंबरचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. पण माझ्यावरून कधी बैलगाडी गेली नाही, की माझ्याखालून कधी खरं पाणी वाहिलं नाही. मला उचलायला दोन बोटं पुरतात, कारण मी पुठ्ठ्याचा आहे. सोलापुरात, एका चादरीच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली माझा जन्म झाला. गंमत अशी, की ज्या गावाचा पूल म्हणून मला घडवलं ते गाव सात समुद्रांपलीकडे आहे. व्हेनिस त्याचं नाव. तिथं म्हणे रस्त्यांच्या जागी पाणी असतं आणि शेजारी जायचं तर होडी काढावी लागते. आमच्याकडे नळाला पाणी यायची मारामार, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात कुणाला पुरती खरी वाटली नाही.

मला घडवणारे सिद्रामकाका. कारखान्यात त्यांचं काम कार्डं पाडायचं. चादरीवर जी नक्षी उमटते, ती आधी पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांवर छिद्रांच्या रूपानं उतरवावी लागते. ती कार्डं क्रमानं दोऱ्यात ओवून मागावर चढवली, की छिद्रं पाहून माग धागा उचलतो. एक कार्ड चुकलं तर नक्षीत एक ओळ चुकते. म्हणून प्रत्येक कार्डाच्या टोकाला नंबर असतो. सिद्रामकाकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि कानात सदैव कीर्तन. आमच्या खिडकीला लागूनच विठोबाचं देऊळ. तिथं टाळ वाजला, की काकांचा हात आपोआप त्या ठेक्यावर चालू लागे. माझी प्रत्येक घडी मृदंगाच्या ठेक्यात पडली आहे, हे मी अभिमानानं सांगतो.

काकांचे दोन मित्र. एक त्रिंबक मास्तर, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दुसरा संगप्पा, छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारा. मास्तरांना टेबलावर लढाया खेळायचा नाद. संगप्पा झिजलेले खिळे वितळवून बोटाएवढे शिशाचे सैनिक ओतायचा. फासे टाकायचे, फूटपट्टीनं अंतर मोजायचं आणि सैनिक पुढं सरकवायचे. किल्ल्यांच्या लढाया खेळून कंटाळले, तेव्हा मास्तरांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान आणलं. त्यावर व्हेनिसचं चित्र होतं. ते म्हणाले, "सिद्राम, असं गाव बांधून दे. एकदा पाण्यातली लढाई होऊ दे."

गावाला पुठ्ठा हवा. नवी पेठेतला नवा पुठ्ठा गुळगुळीत, पण त्याला खिडक्या कुठून आणायच्या? काकांना कारखान्यातली जुनी कार्डं आठवली. त्यांवर हजारो छिद्रं आयतीच होती. दिवाळीच्या झाडलोटीत मालकीणबाईंनी, म्हणजे मालक वारल्यापासून कारखाना सांभाळणाऱ्या सावित्रम्मांनी, माळ्यावरच्या दोन गठ्ठ्यांतला एक टाकून द्यायला सांगितला होता. "चौकटीचा गठ्ठा नेऊन टाक. वेलीचा राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या. तो साठ कार्डांचा गठ्ठा काकांनी न टाकता घरी आणून ठेवला होता. त्याचंच आमचं गाव झालं. कमानींचे महाल झाले, घुमटाचं देऊळ झालं, एक उंच मनोरा झाला आणि मधोमध मी, वरून जाळीच्या कठड्याचा पूल. एकाही कार्डाला काकांनी कात्री लावली नाही. "बुक्की मारून मारून पाडलेली भोकं हायती ही. ह्यांच्यावर सुरी चालवायला माजा हात धजत न्हाय," असं म्हणून त्यांनी सगळं नुसत्या घड्या घालून चिकटवलं.

चिकटवण्यावरूनच पहिलं भांडण झालं. काकांनी मागाच्या सुताला लावतात तशी पिठाची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकला.

संगप्पा हसायला लागला. "अय्यो, सिद्रामण्णा! सरस लावा की. खळीवर उभं केलेलं गाव पहिल्या सर्द हवेला आडवं होतंय बघा."

"सरस जनावराच्या हाडाचा आस्तोय, संगप्पा. माज्या गळ्यात माळ हाय."

"तुमच्या गळ्यात हाय. गावाच्या गळ्यात कुटं हाय?"

नागूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, धोतराचं जुनं पान निळीत बुडवून आमच्यासाठी समुद्र तयार करत होत्या. त्या म्हणाल्या, "भांडा, भांडा! तवर माजा समुद्र वाळतोय." खळच लागली.

पहिल्या खेळाची दुपार मला अजून आठवते. खिडकीतून तिरपं ऊन आलं, माझ्या जाळीतून खाली गेलं, आणि त्या निळ्या समुद्रावर उजेडाचं एक नाजूक पान पडलं. माझी सहा कार्डं एकाशेजारी एक होती ना, त्यांच्या छिद्रांतून ते उमटलं. मास्तर म्हणाले, "वा! हे पान मुद्दाम पाडलंस का रे?" खरं तर त्याच क्षणी काकांनी विचार करायला हवा होता. चौकटीच्या नक्षीत पान कुठून येईल? पण तेवढ्यात संगप्पाला फाशांवर दोन छक्के पडले, आणि पानाचं राहूनच गेलं.

त्या लढाईत संगप्पानं घोड्यावरचा सेनापती धाडकन माझ्या माथ्यावर ठेवला. शिशाचा घोडा तो! माझी कंबर वाकली. काकांनी संध्याकाळी उरलेलं एक कार्ड माझ्या पोटाखाली अस्तरासारखं चिकटवलं, त्याचं टोक आत दुमडलं, वरून गेरू फिरवला. मी भक्कम झालो. मात्र माझी छिद्रं त्या दिवसापासून बंद झाली आणि पाण्यावरचं पान गेलं. सगळे मला "मजबूत पूल" म्हणायचे, पण मला त्या पानाची चुटपुट लागून राहिली.

पुढं उन्हाळा आला. एके दिवशी काका कारखान्यातून आले ते चहासुद्धा न घेता माझ्यासमोर बसून राहिले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. नागूकाकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "अम्मांच्या धाकटीचं लगीन ठरलंय. आठ दिवसांवर आलंय. तिला वडलांच्या वेलीची चादर द्यायची म्हनत्यात. मालकांनी सोता काढलेली वेल. कागदावरचा नकाशा वाळवीनं खाल्ला, आता कार्डंच तेवढी उरल्याती म्हनं. त्यांनी माळ्यावरचा गठ्ठा काडला, तर तो चौकटीचा निगाला."

"मग वेलीचा कुटं हाय?"

काकांनी आमच्या गावाकडे बोट केलं.

मित्रांनो, चूक अशी झाली होती. दोन्ही गठ्ठ्यांवर मालकांनी आपल्या हातानं नावं लिहिली होती, पण तेलुगूत. काकांना तेलुगू बोललेलं सगळं कळे, वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. वीस वर्षं त्या कारखान्यात काढल्यावर "मला वाचता येत नाही" हे कुणाला सांगायचं? त्यांनी अंदाजानं एक गठ्ठा उचलला. अंदाज चुकला.

"अजून कुनाला ठावं न्हाय," नागूकाकू हळूच म्हणाल्या.

दिवेलागणीला देवळात हरिबा बुवांचं कीर्तन सुरू झालं, तसे काका उठून गेले. बुवांचा आवाज खिडकीतून आमच्यापर्यंत येत होता. बुवा सांगत होते, एका माणसानं शेजाऱ्याचं मडकं मागून आणलं आणि फोडलं. कुणाला दिसू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घातली. टोपली दिसते म्हणून तिच्यावर गोधडी टाकली. गोधडी उचलेल कुणी, म्हणून तिच्यावर आपली बाज आडवी करून ठेवली. "आणि मग मंडळी," बुवा म्हणाले, "फुटलं एक मडकं, आणि भल्या माणसाला निजायला घरात जागा उरेना!" लोक खदखदून हसले. झांजा वाजल्या, नामाचा गजर झाला. त्या गजरात काकांचा आवाज मला वेगळा ओळखू आला. घरातून जाताना बसलेला होता, आता मोकळा वाटत होता.

सकाळी ते सावित्रम्मांना घरीच घेऊन आले. अम्मा दारात उभ्या राहून आमचं गाव पाहत राहिल्या.

"वीस वर्षं," शेवटी त्या म्हणाल्या. "वीस वर्षात एकदा विचारायचं नाही का रे, सिद्राम? अम्मा, हे काय लिवलंय म्हणून?"

"लाज वाटली, अम्मा."

"आता वाटत नाही?"

"आता जास्त वाटतीया. पन आता सांगून टाकलं."

अम्मांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग त्यांना हसूच आलं. "त्यांच्या वेलीवर तू अख्खा गाव वसवलास! सुटेल का हे?"

कार्ड फाटलं तर छिद्रं गेली, छिद्रं गेली तर वेल गेली. नागूकाकूंनी ओला पंचा आणला, मनोऱ्याच्या सांध्यावर धरला. थोड्या वेळानं सांधा अलगद सुटला. खळ होती ना! पाणी लागताच तिनं धरलेला हात सोडला. संगप्पा तोवर आला होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "सरस असता तर आज चिंध्या झाल्या असत्या. सिद्रामण्णा, माळ आता मलाच घाला."

"तुज्या गळ्यात? आदी गळा धुऊन ये," नागूकाकू म्हणाल्या. त्या सकाळी पहिल्यांदा सगळे हसले.

महाल सुटले. देऊळ सुटलं. मास्तर नंबर लावत गेले, नागूकाकू उन्हात वाळवत गेल्या आणि काका जुन्या कार्डाखाली नवं कार्ड धरून छिद्रं पाडत गेले. मला मात्र मोडायला काकांचा जीव धजेना. ते म्हणाले, "पुलाची सहा कार्डं वरनंच दिसत्यात. भोकं मोजून उतरवतो." तसं त्यांनी केलंही. तिसऱ्या दिवशी कार्डं मोजली. एकोणसाठ भरली. एक्केचाळीस नंबर नव्हता.

घर पालथं घातलं. कपाट ओढलं, समुद्र झटकला. काका म्हणाले, "चाळीस आणि बेचाळीस बघून मधलं अंदाजानं पाडू का?"

अम्मा ठामपणे म्हणाल्या, "अंदाज नको. एक अंदाज झाला तेवढा बास. त्यांनी काढलं तसंच पाहिजे. नाहीतर वेल राहू दे, बाजारातली चादर देते मी लेकीला."

मित्रांनो, ते कार्ड माझ्या पोटात होतं. काका घाईघाईत लावलेलं ते अस्तर विसरूनच गेले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मला मोडा! मोडणं म्हणजे काय हे मी मनोऱ्याचं पाहिलं होतं, भीती वाटत होतीच. पण एका मुलीच्या चादरीत वडलांची वेल दर हातभरावर तुटणार, आणि ती माझ्या कमरेच्या मजबुतीपायी, हे मला सहन होईना. पुलाला तोंड नसतं. मी नुसता टेबलावर उभा होतो.

काकांनी डोकं धरलं. नागूकाकू टेबल पुसायला आल्या आणि त्यांनी मला उचललं. सवयीनं, तांदूळ पाखडताना सूप उजेडाकडे धरावं तसं, मला खिडकीकडे धरलं.

"आवो," त्या थांबल्या. "ह्या भोकांतनं उजेड का येत न्हाय?"

काका उठले ते जवळजवळ पडलेच. "अस्तर!" ते ओरडले. "घोड्याचं अस्तर!"

ओला पंचा माझ्या पोटावर आला. थंड लागला. सांधे सैल झाले, आणि दुमडलेलं टोक उलगडताच काळ्या शाईतला आकडा दिसला, एक्केचाळीस. संगप्पा कानडीत "हौद! हौद!" म्हणजे होय, होय म्हणून नाचला. त्रिंबक मास्तरांनी चष्मा काढून पुसला, आणि काकांनी खिडकीतून देवळाच्या कळसाला हात जोडले. अम्मांनी ते ओलं कार्ड तळहातावर घेतलं आणि फुंकर घालत उभ्या राहिल्या. माझा सगळा पूल मोडून पडला होता, पण इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

चादर वेळेवर विणून झाली. लग्न झालं. नंतर अम्मांनी जुनी कार्डं दोऱ्यात बांधून काकांना परत दिली आणि म्हणाल्या, "नवी मागावर, जुनी तुझ्याकडे. गाव उभा कर." शिवाय रोज जेवणाच्या सुट्टीत त्या काकांना तेलुगूची दोन अक्षरं शिकवू लागल्या. अम्मांचं शिकवणं कडक होतं, म्हणून काका अक्षरं पाठ करतानाही टाळाचाच ठेका धरायचे.

आमचं गाव पुन्हा उभं राहिलं, खळीवरच. या वेळी काकांनी माझ्या पोटाखाली अस्तर लावलं नाही, दोन्ही कडांना बांबूच्या बारीक काड्या लावल्या. पुढच्या खेळाच्या दुपारी अम्मा सहज डोकावल्या. संगप्पानं फासे हातात धरले होते. तिरपं ऊन आलं, माझ्यातून खाली गेलं आणि समुद्रावर ते पान पुन्हा पडलं.

अम्मा वाकल्या. त्यांनी बोट पुढं केलं, तर ते पान त्यांच्या बोटावर चढलं. "हे त्यांचंच," त्या म्हणाल्या. संगप्पानं फासे हळूच खाली ठेवले, आणि ऊन सरकेपर्यंत कुणी खेळलं नाही.

मित्रांनो, आता मी काचेच्या कपाटात असतो. गेरू उडाला आहे, एक कठडा तिरका झाला आहे. तरी कुणी मला उन्हात धरलं, तर पान अजून पडतं. माझं एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू टाकायची वेळ आली, तर तिच्यावर काय लिहिलं आहे ते आधी वाचा. वाचता येत नसेल, तर वाचता येणाऱ्याला विचारा. विचारायला जी लाज वाटते, ती एका सकाळपुरती असते. आणि काही जोडायला बसलात, तर जरा खळ शिजवा. तिनं जोडलेलं पुन्हा सोडवता येतं, आणि सोडवलेलं पुन्हा जोडता येतं. माझ्याकडे पाहा, मी दोनदा जन्मलो आहे.