फुलं गळली की

जून

“कुणी कापली ही?”

तोकुजो ओसरीवरून ओरडला. अंगणात मे-जूनमध्ये गुलाबी फुलणाऱ्या सात्सुकीची बारा झुडपं होती. गुडघ्याएवढी, गोल, हिरवीगार. आणि एकावरही फूल नाही.

त्याची बायको नोबुए चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही.

“मी,” ती म्हणाली.

समोर सागावा बसला होता. तोकुजोच्या हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा माळी. दर जूनला तो फुलं बघायला यायचा. यंदा त्याला देवळातल्या गुरुजींनी पाठवलं होतं : तिथली छाटणी म्हाताऱ्याकडेच ठेवायची का, ते बघून ये. तोकुजोची बाकी कामं एकेक करून सुटली होती. देऊळ तेवढं उरलं होतं.

“कधी कापलीस?”

“ऑक्टोबरात.”

“ऑक्टोबरात! अगं, ऑगस्टातच कळ्या धरतात. वर्षाची फुलं कापून टाकलीस! चाळीस वर्षं माळ्याच्या घरात राहून एवढं कळू नये? सागावा, आठवतंय? याच चुकीसाठी तुझ्या कानाखाली वाजवली होती.”

“अजून वाजतंय, उस्ताद.”

“चुकलं माझं,” नोबुए म्हणाली.

ऑक्टोबर, मागच्या वर्षीचा

ती भाजी घेऊन आली तेव्हा अकरा झुडपं कापून झाली होती. बाराव्यावर तोकुजो वाकला होता.

“यंदा फुलं लवकर गळली गं,” तो म्हणाला.

तिने पिशवी खाली ठेवली. बारावं पुरं होऊ दिलं. मग डहाळ्या पोत्यांत भरल्या. टोकाटोकाला गव्हाच्या दाण्याएवढी कळी. पोती तिने कचऱ्यात एकदम टाकली नाहीत. आठवड्याला एक, वरून कागद घालून.

तेव्हापासून ती त्याच्या मागेमागे. गॅस. नळ. दाराची कडी. परत गॅस.

मे

गल्लीभर गुलाबी.

यांच्याकडे काही नाही.

जून, तोच दिवस

सागावा उठून झुडपांपाशी उकिडवा बसला. एकावरून तळहात फिरवला. कुठे खड्डा नाही, कुठे टोक नाही. असा गोल त्याला स्वतःला अजून साधत नव्हता. त्याने मान वळवून उस्तादाच्या हातांकडे पाहिलं.

“काकू,” तो म्हणाला, “हात बसलाय तुमचा.”

“कुठला बसलाय! डोंबल!” तोकुजो म्हणाला.

“देवळात यंदा दोघंही या. उस्ताद कापतील, तुम्ही सोबत राहा. दिवस मी कळवीन. न्यायलाही मीच येईन.”

नोबुएने वर पाहिलं नाही. “चहा गार झाला,” म्हणाली. “दुसरा करते.”

सागावा गेल्यावर तोकुजोने कात्री आणून तिच्या हातात दिली.

“मनगट सैल सोड. जोर नाही लावायचा, नुसती मिटायची. हां. अशी.”

“आणि कापायचं कधी?”

“फुलं गळली की. लगेच.”

तिने मान हलवली. तो ओसरीच्या कडेला बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, बारा हिरव्या झुडपांसमोर. फुलं गळायची वाट बघू लागला.

कात्री मांडीवर घेऊन तीही शेजारी टेकली.