मनोऱ्यावरचा कुबसा

डोंगर चढायची हौस मला कदीच नव्हती. आमचं वळसंग म्हंजे सपाट रान. उंच म्हणावं तर पाण्याची टाकी. पण लेकीनं बोलावल्यावर काय करता? मालकांना सांगितलं, अक्कलकोटला बहिणीकडं, पार्वतम्माकडं जाऊन येते. आन् उलट्या वाटेनं सोलापूर गाठून बार्शीची एसटी धरली.

काव्यानं माढ्याच्या अमृतशी लग्न केलं. पोरगा चांगला हाय, पण आमच्या लिंगायतातला न्हाय. तवापास्नं मालकांनी तिचं नाव टाकलं. ती उंबऱ्याच्या आत आली तर मी भाईर, असं देवापुढं बोलून बसलेत. आडमुठा माणूस, मोडंल पण वाकायचा न्हाय.

मग फोनवर पोरीनं सांगितलं, दिवस गेलेत. आमच्यात पाचव्या म्हैन्यात पहिलटकरणीचा कुबसा करतात. माहेरची हिरवी साडी, चोळी, बांगड्या, वर ओटी. तो माझ्या काव्याला मिळाला न्हाय तर मी आई कसली? माझ्या घरी तिला येता येत न्हाय. तिच्या बार्शीच्या घरी मी जायची न्हाय, कारण लेकीला लेकरू होईस्तोवर आई तिच्या हातचं पाणीबी पीत न्हाय. मग तीच म्हणाली, बार्शीच्या पुढं डोंगर हाय, वर बघायला मनोरा बांधलाय, तितं ये.

पायथ्याला गळ्यात पडली. वाळली होती. ढगळ कपडे घातलेले, पोट काय कळत नव्हतं. पहिल्या खेपेला दिसत न्हाय लवकर, मीच मनाला सांगितलं. ओटी हितंच झाडाखाली भरते म्हटलं तर ऐकंना, वरच जायचं म्हणाली. आन् चढाय लागली की भराभरा. पोटुशी बाई अशी चढती व्हय, म्हणून मी सगळ्या वाटंनं तिला बोलले. ती नुसती हसायची.

ऊन लई होतं. निम्म्यात माझा घसा सुकला, तर तिनं आपली बाटली पुढं केली. मी हात मागं घेतला. म्हटलं, बारशाला येईन तवा पोटभर पिते, जेवतेबी. तिनं बाटली पिशवीत ठेवली.

मनोऱ्याचा लोखंडी जिना चढून वर गेलो. खाली लांबवर शेतं, मधी तळ्याचं पाणी चमकत होतं. जोडपी फोटो काढत होती. काव्यानं दक्षिणंला बोट केलं. म्हणाली, वळसंग त्या अंगाला.

"दिसतंय व्हय गं हितनं?"

"न्हाय. पण दर ऐतवारी येऊन बघते."

माणसं खाली उतरल्यावर मी पिशवी सोडली. साडी तिच्या खांद्यावर टाकली, नारळ न् तांदूळ काढले आन् बांगड्या भरायला तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"अव्वा, नको. लेकरू ऱ्हायलं न्हाय. गेल्या म्हैन्यातच गेलं."

मला रागच आला. एवढा खटाटोप करून मला हितवर आणलं, ओटीचं सामान आणू दिलं, एका शब्दानं सांगितलं न्हाय? मी नको नको ते बोलले. ती कठड्याला धरून ऐकत ऱ्हायली.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस व्हय, अव्वा?"

न्हाय. मी आले नसते. घरात बसून रडले असते, मालकांच्या माघारी. माझ्या लेकीनं दवाखान्यात एकटीनं सोसलं, आन् आईचं तोंड बघायला तिला मेलेल्या लेकराचं निमित्त करावं लागलं.

मी खाली बसले. तांदूळ पदरात सांडले होते, ते गोळा करायचंबी भान नव्हतं. तिला म्हटलं, पाणी दे.

तिनं बाटली काढली, पण हातातच धरली. म्हणाली, "अव्वा, अजून लेकरू कुटं झालंय मला."

"दे म्हणते न्हवं."

बाटली घेतली आन् तिच्या समोर प्याले. पाणी उन्हानं तापलं होतं. अर्धी बाटली संपवली तवा कुटं माझी काव्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.