शिंदीखालची जागा

जागा मी निवडली होती. हे आधीच सांगतो, कारण वसंताला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

चौऱ्याऐंशी सालच्या आषाढात आमच्या गावी, रामाकोन्याला, माझ्या धाकट्या भावाचं, वसंताचं, चार महिन्यांचं पोर तापानं गेलं. आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बाया तिथवर येत नाहीत. निघताना वसंताची बायको प्रेमलता दाराशी आली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. माझ्यासमोर ती पदर ढळू देत नसे, बोलणं तर दूरच. त्या दिवशी बोलली.

"पान्यात भिजनार नाही ना जी तो?"

"नाही भिजत," मी म्हणालो. मी पांढुर्ण्याचा मास्तर, मला सगळं कळतं! नाल्याकाठी एकटी शिंदी उभी होती, डोक्यावर पानांचा झुबका. म्हटलं, हीच त्याची छत्री. अगदी बुंध्याशी खड्डा खणायला लावला, वर दगड नि बोरीचे काटे रचले. घरी येऊन तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, थेंबही लागणार नाही.

श्रावणात पुन्हा गेलो तर गावात कुजबुज. पाऊस लागला की वसंता शिंदीकडे पळतो म्हणे. शिंदीकडे माणूस तिची ताडी प्यायलाच जातो, हे गावाला शिकवावं लागत नाही. भर दुपारी, धो धो पावसात, मी त्याची खरडपट्टी काढायला निघालो.

वसंता पीत नव्हता. त्यानं खोडाला पोत्याचा पिळा गुंडाळला होता आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी नाल्याकडे ताणून धरलं होतं. शिंदीचं प्रत्येक पान पन्हळीसारखं, आत उतरतं. सगळ्या झाडावरचा पाऊस गाभ्यात जमून खोडावरून खाली येत होता आणि दगडांखालची माती नेत होता. जेवढं पाणी पिळ्यावरून बाजूला गळे, तेवढंच पोर वाचत होतं. दहा पावलांवर उघड्या माळात पाणी नुसतं जिरत होतं. इतकी जागा होती तिथं.

"बांधून ठेवलं तं सरकते, दादा," तो म्हणाला. "धरूनच राहा लागते."

"तिले सांगितलं?"

"रोज इचारते. कोरडं हाये म्हनतो."

मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलायला हवा होता. मीही पिळा धरला. हात भरून आले तरी पाऊस थांबेना. शेवटी वसंता थंडीनं कुडकुडायला लागला, तेव्हा त्याला ओढत घरी आणलं.

प्रेमलता दारातच होती. वसंतानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते मी एकदा बोलून चुकलो होतो.

"बाई, माह्यं चुकलं. साऱ्या झाडाचं पानी त्याच्याच अंगावर येऊन राहिलं."

ती भिंतीला टेकली. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "इतके दिवस तो भिजून राहिला, अन् मी घरात कोरडी बसली."

तिनं कोपऱ्यातलं फावडं उचललं, पदर कमरेला खोचला आणि पावसात उतरली. बायांनी तिथं जायचं नसतं, तरी मी तिला अडवलं नाही. वसंता तिच्यामागे निघाला, माळावरची जागा दाखवायला.