आईच्या उशाशी फोन

“पण बोलणार कोण?” डब्याचं झाकण लावता लावता बायको थांबली. “आईंच्या तोंडून चार महिन्यांत शब्द फुटलेला नाही, आणि तुम्ही महिनाभर अनलिमिटेड बोलायचा प्लॅन घेऊन आलात?”

“मी बोलेन,” लिफ्टवाला म्हणाला.

बायकोला हसू आवरेना. हसण्यासारखंच होतं ते. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत वीस वर्षं फिरणारा हा माणूस घरात तोंड उघडायचा ते भाजीत मीठ कमी पडलं तर. फोनच्या बाबतीत तर त्याची ख्याती साऱ्या नातलगांत पसरलेली. स्वतः मिस्ड कॉल द्यायचा, समोरच्याने फोन केला की “हं, बोल” म्हणायचा, आणि वर घड्याळाकडे बघत राहायचा.

आई गावी एकटी राहायची तेव्हाही हेच. दर रविवारी सकाळी ती फोन करायला लावायची. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली इथपासून सुरुवात करायची. हा म्हणायचा, “आई, मिनिटं जातायत. कामाचं बोल.” ती म्हणायची, “कामाचं काही नाही रे, असंच.” “मग ठेव.” आणि ती बिचारी ठेवायची. इतकी वर्षं तिने ऐकलं आणि ठेवलं. मग एका सकाळी तिची उजवी बाजू गेली, त्याबरोबर वाचाही गेली, आणि चार महिने दवाखान्यात काढल्यावर याने तिला आपल्या घरी आणलं. आता ते “मग ठेव” त्याला आठवायचं आणि काम करता करता हात थांबायचा.

इथे आणल्यावर पहिल्या दिवशी तो कामावर निघाला, तर आईने डाव्या हाताने त्याचा शर्ट धरला. सोडेचना. ती कशाला घाबरते ते त्याला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा ती बाजारात गेली होती; परत आली तर ते खुर्चीत गार पडलेले. “एकटेच गेले रे,” हे ती पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिली. बायको औषधांच्या दुकानात नऊ ते दोन कामाला, शेजारीण अकराला येऊन पाणी पाजून जायची. मधले तास घरात कुणी नाही.

“तुला एकटी नाही ठेवणार,” तो म्हणाला आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. मग त्याने तो प्लॅन घेतला.

मोबाइलच्या दुकानदाराने आईच्या फोनमध्ये तो आपोआप उचलला जाईल अशी सोय करून दिली. फोन उशाशी ठेवायचा, हातात स्टीलचा चमचा द्यायचा. पलंगाच्या दांड्यावर एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. अनलिमिटेड म्हणून विकलेला कॉल तासाला आपोआप तुटायचा, हा पुन्हा लावायचा. दुकानदार म्हणाला, इतकं सलग कुणी बोलत नाही हो काका.

पहिले दोन दिवस काय बोलावं ते त्याला सुचेना. मग हातात येईल ते काम सांगू लागला. “आई, तिसऱ्या मजल्याचा दरवाजा घासतोय बघ. आता तेल घालतो. ऐकू येतंय?” टक. “इथला सेक्रेटरी महाचिकट आहे. चहा विचारेल असं वाटतं?” टक टक. कुणाला चुकून शिवी हासडली की चमचा जोरात वाजायचा आणि हा जीभ चावायचा. महिन्याभरात आईला सगळ्या इमारती पाठ झाल्या. पावसात तळाशी पाणी साचणाऱ्या एका जुन्या लिफ्टचं नाव काढलं की ती आपणहून वाजवायची.

“माझ्याशी एवढं बोलला असतात तर संसार सोन्याचा झाला असता,” बायको म्हणायची. पण दुपारी घरी आली की फोनजवळ वाकून सांगायची, “अहो, मी आलेय. आता ठेवा. बॅटरी मेली त्याची.”

त्या दिवशी बाराच्या सुमारास एका सहा मजली इमारतीतून बोलावणं आलं. शाळेतून आलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकली होती. तो धापा टाकत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पोचला. मागोमाग तिथला वॉचमन. मेन स्विच बंद करून ब्रेक मोकळा करायचा आणि मोटरचं चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची, एवढंच काम. पण ब्रेक जाम झाला होता. वाकलं की कानातली वायर निसटायची, म्हणून त्याने स्पीकर चालू करून फोन खिडकीत ठेवला.

“आई, एक पोरगी अडकलीय. जरा तिच्याशी बोलतो हं.”

फोनमधून काही आलं की नाही, त्याने पाहिलं नाही. खालून मुलगी हंबरडा फोडत होती. दोर जातात त्या भोकाला तोंड लावून तो ओरडला, “घाबरू नकोस गं! मी आहे इथे!”

अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं हे त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. चाक एका हाताने फिरतं, तोंड मोकळंच असतं. तो बोलत राहिला. “एकटी नाहीस तू. मी कुठ्ठे जात नाही. अंधार आहे ना? असू दे. डोळे मिट. हळू श्वास घे. आता थोडं हलल्यासारखं वाटेल, भ्यायचं नाही. आलंच बघ. झालं, संपलं आता.”

अडतीस मिनिटांनी खालून दरवाजा उघडल्याचा आवाज आला आणि मुलीच्या आईचं रडणं. त्याने हात पुसले आणि फोन उचलला.

“सुटली गं पोरगी.”

काही वाजलं नाही.

“झोपलीस होय? झोप.”

तो जिन्यात डबा उघडून बसला. फोन मांडीवर. कॉल तुटला तसा त्याने पुन्हा लावला, आणि हलक्या आवाजात, तिची झोपमोड होऊ नये म्हणून, जेवता जेवता बोलत राहिला. पोरगी वर येऊन त्याला चॉकलेट देऊन गेली ते सांगितलं. तुला लिफ्टची भीती वाटायची, माझ्या लग्नात चार मजले चढून आली होतीस, ते सांगितलं. मग कधी नव्हे ते म्हणाला, “आई, तेव्हा रविवारी मी फोन ठेवायला लावायचो ना. चुकलंच माझं.”

दोन वाजून गेले. फोनमधून कडी वाजली. बायकोने पिशवी ठेवल्याचा आवाज, मग नळ. मग तिची हाक, “आई, उठता ना? पेज देते.” चपला फरशीवर घासल्या.

“आई?”

आणि मग ती फोनजवळ वाकली असावी, कारण तिचा श्वास त्याला कानाशी ऐकू आला. “अहो,” ती म्हणाली. “अहो, या तुम्ही घरी.”

डॉक्टर म्हणाले, साडेबारा-पाऊणच्या आसपास गेल्या असतील. म्हणजे तो डबा खात होता तेव्हा ती नव्हतीच. जे सांगायला त्याला इतकी वर्षं लागली ते त्याने रिकाम्या खोलीला सांगितलं होतं. आठवडाभर तो कामावर गेला नाही. बायकोने एकदाच विषय काढला, “पुन्हा भरलेल्या प्लॅनचे अजून बरेच दिवस उरलेत. माझ्या बहिणीशी बोलू का?” आणि तिचं तिलाच रडू फुटलं.

आठव्या दिवशी ब्रेकचे पट्टे बदलायला तो त्या इमारतीत गेला. वॉचमनने मशीनरूम उघडली.

“एक विचारू का?” वॉचमन म्हणाला. “त्या दिवशी ते टकटक कशाचं येत होतं? मला वाटलं मशीनचंच काहीतरी बिघडलंय. मग लक्षात आलं, खिडकीतून येतंय. तुमच्या फोनमधून.”

लिफ्टवाल्याच्या हातातला पाना थांबला. “वाजत होतं?”

“वाजत होतं म्हणजे काय! तुम्ही त्या पोरीला काही म्हणालात की एकदा टक. परत काही म्हणालात की परत टक. मला गंमतच वाटली. म्हटलं फोनवर पण कोणीतरी अडकलंय की काय.”

“एकदाच? दोनदा नाही?”

“एकेकदाच. शेवटी तुम्ही म्हणालात बघा, झालं, संपलं आता. तेव्हा नाही वाजलं.” वॉचमनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “का हो? कोण होतं?”

“आई होती माझी,” लिफ्टवाला म्हणाला आणि तिथेच मोटरशेजारी खाली बसला. कितीतरी वेळ त्याचे खांदे हलत होते. वॉचमनला काय करावं कळेना. त्याने पाण्याची बाटली आणून जवळ ठेवली आणि दाराशी, त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मग लिफ्टवाला उठला. पट्टे बसवले, लिफ्ट तीनदा वरखाली चालवून पाहिली, हत्यारं पिशवीत भरली. वॉचमनने संकोचत रजिस्टर पुढे केलं. “त्या दिवसाचं लिहायचं राहिलंय. तुम्ही तसेच पळालात.”

त्याने उभ्या उभ्याच लिहायला घेतलं. तारीख लिहिली. बिघाड: ब्रेक जाम. लिफ्ट बंद: अडतीस मिनिटं. अडकलेल्या व्यक्ती: एक. सुखरूप बाहेर काढले.

शेवटच्या रकान्यावर छापलं होतं, जीवितहानी.

पेन तिथे थोडा वेळ टेकून राहिलं आणि कागदावर शाईचा ठिपका पसरला. त्या ठिपक्याशेजारी त्याने “नाही” असं लिहिलं, खाली सही केली आणि रजिस्टर वॉचमनच्या हातात दिलं.