राहेलआक्काला आजार मिळेना

उपकारस्तुतीचा रविवार तोंडावर आला आणि राहेलआक्काची झोप उडाली. दुखण्यानं नव्हे. दुखणं नव्हतं म्हणून!

त्यांच्या चर्चमध्ये या रविवारी सत्तरीपुढची मंडळी माईकसमोर साक्ष देतात. म्हणजे या वयात देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं आणि त्याचे आभार मानायचे. रीत चांगलीच. पण एका वर्षी शमुवेलकाकांनी बायपासची साक्ष दिली आणि अख्खी मंडळी रडली. पुढच्या वर्षी कुणीतरी बायपास आणि किडनी दोन्ही घेऊन आलं. मग काय, चढाओढच लागली! आभार राहिले बाजूला. पोटातून केवढा खडा निघाला ते मूठ वळून दाखवायचं, शेवटी घाईघाईनं "प्रभूची स्तुती असो" म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. एका काकांनी तर एक्स-रे आणला होता. खिडकीच्या उजेडात धरून, मागच्या बाकांनाही दिसावा म्हणून, दोनदा फिरवला.

आक्का पंच्याहत्तरीची. दात स्वतःचे. उचगावहून बसमध्ये उभ्यानं चर्चला येणार, घरी जाऊन तांबडा रस्सा वाटीनं ओरपणार आणि ऊन उतरलं की नातीला म्हणणार, "ऊठ गं क्रांती, रंकाळ्याला चक्कर मारू." एकदा तरी माईक धरून देवाचे आभार मानावेत, एवढीच तिची हौस. पण माईक मार्थाबाईंच्या ताब्यात. महिला मंडळाच्या सेक्रेटरी, त्यात दोन्ही गुडघे बदललेल्या, म्हणजे मान दुप्पट.

"पण आक्का, तुम्हाला झालंय काय?" मार्थाबाईंनी कीव केल्यागत विचारलं.

"काय झालं न्हाय, तेच सांगते की."

"त्यात साक्ष कसली ओ? ऐकणाऱ्याला धीर यायला पाहिजे. बघा आठवून. साधी शुगर तरी?"

साधी शुगर! आक्का इरेला पेटली. दुसऱ्याच दिवशी क्रांतीला घेऊन दवाखान्यात हजर. रक्त दिलं, छातीला वायरी लावून घेतल्या, जीभ बाहेर काढली. डॉक्टर रिपोर्ट चाळत म्हणाले, "आक्का, काहीसुद्धा न्हाय. तुमच्यापेक्षा माझं बीपी जास्त हाय."

"नीट बघा की. कोपऱ्यात कुठंतरी असंल."

"न्हाय ओ."

"मग गोळी तरी लिहून द्या."

"कशाची?"

"डॉक्टर तुम्ही का मी?"

परत येताना रिक्षात आक्काचं तोंड असं पडलेलं, की रिक्षावाल्यानं क्रांतीला हळूच विचारलं, "लय सीरियस हाय काय?"

"व्हय. ठणठणीत निघाली," क्रांती म्हणाली आणि आज्जीकडं वळली. "लोक चांगला रिपोर्ट यावा म्हणून गुडघे टेकतात आणि तुला वाईट पाहिजे! आजोबा चार वर्षं अंथरुणात होते, त्यांना कुणी टाळ्या दिल्या काय गं?"

आक्काचा नवरा योहान शेवटी शेवटी एवढंच मागायचा, की एकदा आपल्या पायानं दारापर्यंत जाऊ दे. तो दरवाजा ती रोज विचारही न करता ओलांडत होती. आणि आज पैसे मोजून दुखणं शोधायला गेली होती! तिला स्वतःचीच शरम वाटली.

रविवारी शमुवेलकाका जुन्याच बायपासमध्ये नवीन भर घालत होते. मध्येच पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात आक्का उठली आणि तिनं माईक धरला.

"मला काय झालं न्हाय," ती म्हणाली. मंडळी चुळबुळली. "दुखणं मला ठाऊक हाय, नवऱ्याच्या उशाशी बसून बघितलंय. त्यातनं देव तारतो, खरं हाय. पण काय न होता उजाडलेल्या दिवसाचं उपकार कुणी मानायचं? प्रभू, सकाळी माझी मी उठते, तुझं उपकार. मटण चावतं, उपकार. कान शाबूत हायत, म्हणून मागच्या बाकावर माझ्याविषयी काय चालतं तेबी ऐकू येतंय, त्याचंबी उपकार. आणि दुखणं शोधत फिरले, तेवढी माफी कर."

मागचे दोन बाक एकदम प्रार्थनापुस्तकात घुसले.

मार्थाबाई मात्र हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. नवे गुडघे आपटत त्या पुढं आल्या, आक्काच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि गहिवरून म्हणाल्या, "हे कृपाळू बापा, आमच्या या बहिणीनं अजून कसोटी पाहिलेली नाही. तिलाही एकदा दुखण्याच्या भट्टीतून—"

आक्कानं तो हात खाली ओढला. "ओ बाई, थांबा की! प्रभू, यांचं ऐकू नगंस हं!"

आणि पाळकसाहेबांसकट सगळं चर्च ओरडलं, "आमेन!"