जिपेची उलटी बाजू

जीप दारात उभी होती आणि हे तिच्या पोटाखाली. बाहेर नुसते दोन पाय दिसत होते. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायातली निसटून नालीच्या काठाला गेलेली. मी इष्टलिंगाची पूजा आटोपून ओसरीवर आले, तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली होती.

"अप्पा, निघा आता भाईर," गाडी विकायला घेऊन आलेला नागेश गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. "गाडी हाय, म्हैस न्हाई. पोटाखाली काय बघायलात?"

"कापड आधी उलट्या बाजूनं बघायचं असतंय," खालून आवाज आला. "सुलटी बाजू तर कुनी बी दाखवतंय."

गल्ली हसली. हेही खालून हसले असावेत, कारण पाय हलले.

वालूरच्या पेठेत यांनी सगळी उमर कापड विकलं. ठाण उलगडलं की आधी उलटी बाजू गिऱ्हाइकापुढं करायची, उजेडात धरायची, कुठं सूत तुटलंय, कुठं रफू आहे ते दाखवायचं आणि मगच भाव सांगायचा, ही यांची रीत. गुरुपादअप्पाच्या दुकानात डोळे मिटून घ्यावं, असं लोक म्हणत. ते कानावर आलं की हे दिवसभर खूश. मागच्या वर्षी मात्र एका वकिलाला काळ्या कोटाचं कापड म्हणून यांनी गडद निळं फाडून दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतः सेलूला जाऊन बदलून दिलं आणि परत आले ते गादीवर बसलेच नाहीत. धाकट्या भावाला म्हणाले, "आता तू बस."

परभणीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. नजर कडेनं कमी होत चालली आहे, म्हणाले. औषधानं सावकाश करता येईल, गेलेली परत येणार नाही. गाडी दिवसाउजेडी चालवा, पुढचं पुढं बघू. डॉक्टर आमच्या जुन्या स्कूटरबद्दल बोलत होते. यांनी 'गाडी' तेवढं उचललं आणि घरी येऊन सांगितलं, "जीप घ्यायची. जुनी चालल, पर चारी चाकं ओढणारी पायजे."

"कामून?" मी विचारलं.

"आजवर सगळं यष्टीच्या खिडकीतून बघितलं. मांडीवर गठ्ठे. डांबरी सोडून वाटा माळावर चढतात, धरणाच्या पाण्याकडं उतरतात. एकदा बी उतरलो न्हाई. दिसतंय तवर जाऊन येतो."

माझे सोमवारचे उपास मला कुणी सांगितलेले नाहीत, मनानं धरलेत. यांचंही तसंच काही असेल असं समजून मी अडवलं नाही.

मुलानं, राजशेखरनं मात्र अडवलं. पुण्याहून रोज फोन. "अप्पा, पहिली गाडी कुणी अशी घेतं का? शोरूममधून छोटी घ्या, गिअर नसलेली. रस्त्यावर कशी सरळ चालते."

"रस्त्यावर जायला मला गाडी कशाला? रस्त्यावर यष्टी हाय की."

"आई, तू तरी सांग यांना."

"मी आधी बसून बघते, बाळा," मी म्हटलं.

त्याआधी दोन जीपा बघून झाल्या होत्या. जिंतूरची लालभडक होती. मोठाले टायर, टपावर दिव्यांची रांग, हॉर्न असा की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. हे खाली शिरून आले आणि म्हणाले, "सगळ्या सांगाड्याला कालच काळा रंग दिलाय. कशाला दिलाय ते त्यालाच ठाव." सेलूच्या जिपेचा पत्रा यांनी बोटानं दाबला तर बोट आत गेलं. शेवटी राजशेखरनं शब्द घेतला: अजून एकच बघा, ती नाही जमली तर मी सांगतो ती गाडी घ्यायची. यांनी शब्द दिला. यांचा शब्द म्हणजे फाडलेलं कापड, पुन्हा जोडायची सोय नाही.

तर ही ती शेवटची. गंगाखेडच्या एका ऊसवाल्याकडून नागेशनं घेतलेली, मातकट रंगाची, साधी.

हे बाहेर आले. पाठीला माती, केसांत जाळं, आणि चेहरा असा की लग्नातसुद्धा मी तो पाहिला नव्हता.

"एक बी ठिगळ न्हाई," मला म्हणाले. "लय स्वच्छ हाय."

माझ्या बोटांना पूजेचं भस्म तसंच होतं. मी पायरी उतरले आणि बॉनेटवर तीन बोटं ओढली. सवयीनंच. वासरू आलं, शिलाई मशीन आलं, दिवाळीचा नवा माल आला, दारात नवं काही आलं की मी भस्म लावते. आणि भस्म लागलेली वस्तू आमच्या दारातून माघारी जात नाही, हे साऱ्या गल्लीला माहीत.

नागेशनं टाळी वाजवली. "झालं! मावशींनी सौदा पक्का केला. आता चालवून बघायची ती नुसती हौस."

यांनी माझ्याकडं बघितलं. "लावलंस?"

"लागलं."

"असू दे," म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

गावाबाहेर पडेपर्यंत नागेशनं चालवली. माळ सुरू झाला तसे हे स्टेअरिंगवर बसले, नागेश शेजारी, मी मागं दांडा धरून. सेलूच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे उन्हाळ्यातच शिकून आले होते, पण तिथं सगळा डांबरी रस्ता. इथं दगड, घळी, बोराटीची झुडपं. जीप एका अंगाला झुकली की मी पंचाक्षरी म्हणायची आणि सरळ झाली की हे म्हणायचे, "बघितलंस का?" माळाच्या माथ्यावर थांबलो तेव्हा खाली वालूर, देवळाचं शिखर, शाळेचं मैदान सगळं एका परातीत ठेवल्यासारखं दिसत होतं. यांनी दोनदा नाक पुसलं.

उतरताना ओढा लागला. दिवाळी होऊन गेली होती. वरून माती वाळून तडकलेली. आत लोणी आहे हे कळायला चाक घालावं लागलं. जीप निम्म्यात गेली आणि बसली.

"आता मज्जा बघ," हे मागं वळून म्हणाले. गिअरच्या बाजूचा छोटा दांडा ओढला. "आता चारी बी ओढतील." आणि पाय दाबला.

इंजिन ओरडलं, मागून चिखलाचे फवारे उडाले, आणि जीप आणखी खाली गेली. पुन्हा पाय दाबला. आणखी खाली.

काठावर मेंढरं थांबली. त्यांच्यामागं घोंगडी घेतलेला एक म्हातारा आणि डोक्यावर पाटी घेतलेली त्याची बायको. रायभान आणि केवळाबाई ही नावं मागाहून कळली.

"पावनं," रायभान म्हणाला, "मागची दोन चाकं लय नाचायलीत. पुढच्यायला काय झालंय?"

"सुना राबायल्यात अन् सासवा बसून हायत," केवळाबाई म्हणाली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली.

नागेश हसत हसत खाली उतरला. आडवा झाला, पुढच्या बाजूनं खाली बघितलं आणि हसणं थांबलं.

"अप्पा, पुढचा शाफ्टच न्हाई."

इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारी एक लांब लोखंडी दांडी असते, ती शाफ्ट. आधीच्या मालकानं डिझेल वाचावं म्हणून कधीतरी काढून टाकली होती. आत ओढायचा दांडा होता, पुढं चाकं होती. मधलं जोडणारं काहीच नव्हतं.

हे उतरले आणि बांधावर जाऊन बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी शेजारी जाऊन बसले.

"मी खाली गेलतो," हळू म्हणाले. "हात लावून सगळं बघितलं."

"हाव."

"मग दिसलं कसं न्हाई?"

हे शाफ्टचं विचारत नव्हते, ते मला कळलं. दुकान सोडलं त्या दिवशीसुद्धा हा प्रश्न यांनी तोंडातून काढला नव्हता.

"तुमी फाटलंय का ते बघायलता," मी म्हटलं. "ते फाटलेलं नव्हतं. ते नव्हतंच. जे नाई ते चांगल्या डोळ्याला तरी कसं दिसल? नागेश रोज गाड्या विकतोय, त्याला दिसलं का?"

हे नागेशकडं बघत राहिले. मग चष्मा घातला आणि तो डोळ्यांवरच राहू दिला.

नागेश जवळ आला. "मला ठाव नव्हतं अप्पा, आईशपथ." मग म्हणाला, "पर भस्म लागलंय बरं का. तुमच्या दुकानात कापलेलं कापड माघारी घेता का तुमी?"

मला वाटलं, आता राजशेखरची छोटी गाडी आली. यांना नको असलेली वस्तू माझ्या तीन बोटांमुळं घ्यायची, नाहीतर परत करायची आणि शब्द पाळायचा. पण हे उठले. कपडे झटकले. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसा आवाज लागला.

"कापलेलं घेत न्हाई. पर मापात कमी निघालं तर राहिलेलं मीच घरी नेऊन देतो. तुझं माप कमी भरलं, नागेश."

नागेशनं मान खाजवली. "बसवून देतो."

"नवा."

"नवाच देतो अप्पा. गाडी तर आधी भाईर काढू द्या!"

शेजारच्या शेतात सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता. केवळाबाईनं पाटी रिकामी केली आणि भरभरून आणायला लागली. रायभान चाकापुढं दगड मांडायला लागला. "तुमची घोंगडी घालता का खाली?" नागेशनं विचारलं तर म्हातारा म्हणाला, "जीव माग, देतो. घोंगडी न्हाई."

ढकलायला तिन्ही पुरुष लागणार होते. स्टेअरिंगवर कोण?

"मी न्हाई बसत त्या पेटीत," केवळाबाई म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. नागेशनं मला वर बसवलं, पाय कुठं ठेवायचे ते दाखवलं. "डावा पाय हळूहळू उचला. उजवा नुसता टेकवा, मावशी. दाबू नका. पोर झोपलंय अन् ते जागं होऊ द्यायचं न्हाई, असं समजा."

ते मला जमण्यासारखं होतं. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डावा पाय उचलला. जीप थरथरली. मागून केवळाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, "चल गं बाई, चल!" आणि भुसकट करकरलं, पुढचा काठ जवळ आला, आणखी जवळ आला, आणि मी कोरड्यावर होते. कसं थांबवायचं ते सांगायला नागेश विसरला होता. एका बोरीनं थांबवलं.

हे धावत आले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, नुसते डोळे दिसत होते. "लागलं का?"

"नाई."

"मग उतर आता."

"कामून? पुन्हा चालवू का?"

मेंढरांसकट सगळे हसले.

नागेशनं शाफ्ट बसवून दिला. यांनी पुन्हा खाली शिरून बघितलं, या वेळी नागेशला शेजारी झोपवून, काय काय असायला पाहिजे ते एकेक विचारून घेतलं. राजशेखरचा फोन आला, "जमली का?" हे म्हणाले, "जमली. तुझ्या आईला बी जमली." बाजारतळ मोकळा असला की हे मला तिथं नेऊन शिकवायचे. बाया ओट्यावरून बघायच्या. मला पहिल्यांदा फार लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. लायसन्सचा फोटो काढताना कपाळावरचं भस्म पुसावं लागेल का, एवढंच मी तिथल्या साहेबांना विचारलं. गरज नाही, म्हणाले.

माघात आम्ही येलदरीला गेलो. धरणाच्या मागच्या बाजूला पाणी खाली उतरलं होतं आणि मैलभर मोकळी जमीन उघडी पडली होती, दगडांची, शेवाळाच्या वासाची. त्या दिवशी यांनी मनसोक्त जीप चालवली. उताराला उतरवली, पाण्यात चाकं घातली, दगडांच्या राशीवर जीप चढवली आणि तिथून मला हाक मारली. मासे धरणाऱ्या एका माणसाला म्हणाले, "चारी बी ओढतात बरं." त्यानं मान डोलवली, त्याला काय कळलं देव जाणे. दुपारी आम्ही पाण्याकाठी दशम्या खाल्ल्या. पाय पसरून हे कितीतरी वेळ नुसते पाण्याकडं बघत बसले. मी विचारलं नाही, काय दिसतंय म्हणून.

ऊन अजून बरंच होतं, पण सावल्या लांबायला लागल्या तसे हे उठले. मी डावीकडं जाऊन बसले. हे स्टेअरिंगशी आले, हात टेकवून थोडे उभे राहिले. मग जिपेच्या पुढून, पत्र्यावरून हात फिरवत, वळसा घालून माझ्या दाराशी आले.

"सरक तिकडं," म्हणाले.

मी पदर खोचला आणि सरकले. यांनी शेजारी बसून दार ओढलं, नीट लागलं का ते पाहिलं. समोर रस्ता असा नव्हताच. दगड होते, पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, आणि पलीकडं माळ.

"कुठून घेऊ?" मी विचारलं.

"तुला दिसल तिकडून."