आवाज ओसाकाला गेला

किंग्स्टनच्या वॉटरहाऊस भागात रॅन्सफर्डच्या साउंड सिस्टीमचं, म्हणजे गल्लीत मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या त्याच्या ताफ्याचं, नाव झालं ते व्हेरोनामुळे. तो तबकड्या लावायचा आणि ती माईक घेऊन तालावर बोलायची. बोलता बोलता गल्लीतल्या पोलिसाची, पाद्र्याची, खुद्द रॅन्सफर्डचीही अशी फिरकी घ्यायची की लोक हसून पत्र्याच्या कुंपणावर हात आपटायचे.

तिच्या बोलण्याची तबकडी निघाली, ती पार जपानपर्यंत पोचली. ओसाकाहून बोलावणं आलं ते दोघांसाठी. रॅन्सफर्डने नेलं मात्र चुलतभावाला, लॅसेल्सला. उंचापुरा, सोन्याचा दात असलेला गडी. परदेशात असाच माणूस शोभतो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"तुझी पोर अजून अंगावर पिते," तो व्हेरोनाला म्हणाला.

"आई सांभाळेल तिला."

"पुढच्या खेपेला तूच, व्हेरो."

ओसाकात लॅसेल्सला कुणी दाद दिली नाही. शेवटी रॅन्सफर्डने व्हेरोनाची तबकडी लावली, आणि सगळा हॉल तिच्याबरोबर बोलू लागला. शब्द न् शब्द, तिच्या गल्लीच्या बोलीत, ती श्वास घेते त्याच जागी श्वास घेऊन. मग लोक तिच्या नावाने ओरडू लागले. रॅन्सफर्डने माईक घेतला. "ती येणार होती," तो म्हणाला, "पण आजारी आहे."

तो महिनाभर जपानात फिरला. तेवढ्यात त्या कार्यक्रमाची कॅसेट किंग्स्टनला पोचलीसुद्धा. परतल्यावर तो पोरीसाठी बूट घेऊन व्हेरोनाकडे गेला, तेव्हा ती मासे तळत होती.

"मला झालंय तरी काय, रॅन्स?"

"म्हणजे?"

"आजारी आहे ना मी? आई विचारत होती."

चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "एवढ्या गर्दीपुढे काहीतरी बोलावं लागतं."

तिने मासा उलटला. "जेवून जा," म्हणाली. त्यानंतर तिने माईकला हात लावला नाही.

पुढची अकरा वर्षं रॅन्सफर्ड हॅम्बुर्गपासून नैरोबीपर्यंत हिंडला. जाईल तिथे लोक तिच्याबद्दल विचारायचे. अखेर ओसाकाचं नवं बोलावणं तिच्या एकटीच्या नावाने आलं. ते घेऊन तो तिच्याकडे गेला. तिने ते शांतपणे वाचलं.

"ती बाई आता माझ्यात नाही रे. मी चर्चमध्ये गाते. ये रविवारी."

तो गेला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या तीसेक बायका गात होत्या. त्याने डोळे मिटून कान लावले. नुसत्या खरखरीवरून तबकडी ओळखणारा माणूस तो, पण तिचा आवाज काही त्याला सापडेना.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "ऐकू आले मी?"

"नाही," तो म्हणाला.

"मग बरोबर गायले. इथे मिसळून गायचं असतं."

आणि लेकीला हाक मारत ती पायऱ्या उतरून गेली.